क्वाटरमासचे गोत्र



ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या जुन्या विज्ञानमालिका सुट्या सुट्या पाहिल्या तर त्यांच्यात काही नाते असेल असे वाटत नाही. ‘क्वाटरमास’मध्ये एक गंभीर, चिंताक्रांत अग्निबाण-शास्त्रज्ञ आहे. ‘डॉक्टर हू’मध्ये पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यात बसून काळाच्या मागेपुढे भटकणारा एक विक्षिप्त गृहस्थ आहे. ‘थंडरबर्ड्‌स’मध्ये कळसूत्री बाहुल्या आहेत, ‘सर्व्हायव्हर्स’मध्ये महासाथीतून वाचलेली मूठभर माणसे आहेत आणि ‘ब्लेक्स सेव्हन’मध्ये कैद्यांच्या जहाजातून निसटलेले बंडखोर. या कथा एका विश्वात घडत नाहीत. एका मालिकेतले पात्र सहसा दुसरीत जात नाही. मग यांना एका गोत्राचे का म्हणायचे?

उत्तर पडद्यामागे सापडते. १९५३ ते १९८९ या काळातली ही निर्मिती थोड्याच लेखकांच्या, निर्मात्यांच्या आणि तंत्रज्ञांच्या हातून झाली, तीही बहुतांशी लंडन आणि आसपासच्या काही इमारतींत. त्यातही एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्यातल्या बहुतेक वर्षांत जुना कार्यक्रम पुन्हा पाहण्याची सोय जवळजवळ नव्हती. घरोघरी व्हिडिओ नव्हते, पुनःप्रक्षेपण क्वचित होई आणि कित्येक कार्यक्रमांच्या फिती पुसल्या जात. कल्पना टिकायची ती माणसांच्या डोक्यात; माणूस एका मालिकेतून दुसरीत गेला की कल्पनाही त्याच्याबरोबर जायची. या मालिकांमधले संबंध शोधायचे म्हणजे माणसांच्या या ये-जा करण्याचा माग काढायचा.

सुरुवात १८ जुलै १९५३ची. राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक जूनमध्ये होऊन गेला होता आणि तो पाहण्यासाठी ब्रिटिश कुटुंबांनी टीव्ही संच घेतले होते. बीबीसीने शनिवारी रात्री सहा भागांचे एक नाटक सुरू केले, ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’. लेखक नायजेल नील, निर्माता-दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए. कार्टिए मूळचा ऑस्ट्रियाचा. बीबीसीची नाटके म्हणजे दिवाणखान्यातल्या गप्पा, हे त्याला अजिबात मान्य नव्हते. अवकाशात तीन माणसे जातात आणि एकच परत येतो. त्या एकात बाकीचे दोघे विरघळले आहेत, आणि आता तोही हळूहळू वनस्पतीसारखे काहीतरी होत चालला आहे. सगळे अलेक्झांड्रा पॅलेसमधून थेट प्रक्षेपित झाले. शेवटच्या भागात वेस्टमिन्स्टर ॲबीत जो अक्राळविक्राळ जीव दिसतो, ते नीलचेच हात होते. ॲबीच्या मोठ्या केलेल्या छायाचित्राला भोके पाडून, पानाफांद्या लावलेले हातमोजे घालून त्याने ते आत खुपसले होते. देश घाबरला. पहिले दोन भाग फिल्मवर घेतले गेले, उरलेले चार हवेत विरले ते कायमचे.

त्यानंतर १९५५मध्ये ‘क्वाटरमास टू’ आले आणि १९५८च्या डिसेंबरात ‘क्वाटरमास अँड द पिट’. तीन मालिकांत नीलने तीन साचे घडवले. पहिला : माणूस अवकाशात जातो आणि काहीतरी घेऊन परत येतो. दुसरा : परके आधीच आले आहेत, सरकारात आणि कारखान्यांत बसले आहेत, आणि सामान्य माणसाला त्याचा पत्ता नाही. तिसरा साचा सर्वांत भेदक. लंडनमध्ये खोदकाम चालू असताना पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या कवट्या आणि मंगळावरचे यान सापडते. मग कळते की शिंगे असलेला सैतान, पछाडलेली घरे, सामुदायिक हिंसेची उबळ हे सारे मंगळवासीयांनी माणसाच्या पूर्वजांत पेरून ठेवलेल्या स्मृतीचे अवशेष आहेत. भुताखेतांचे विज्ञानाने केलेले हे स्पष्टीकरण भुतांपेक्षा जास्त भीतीदायक आहे. ब्रिटिश विज्ञानमालिकांनी पुढची तीस वर्षे या तीन साच्यांवर काढली असे म्हटले तर अतिशयोक्ती फार होणार नाही.

‘डॉक्टर हू’वरचे नीलचे ऋण तर मोजूनच दाखवता येते. १९७०मध्ये ती मालिका रंगीत झाली. खर्च आवरायचा म्हणून डॉक्टरला पृथ्वीवर हद्दपार करून ‘युनिट’ नावाच्या लष्करी दलाचा वैज्ञानिक सल्लागार बनवण्यात आले. ही कल्पना मांडणाऱ्या डेरिक शेर्विनच्या डोळ्यांपुढे क्वाटरमासच होता. त्या वर्षीच्या ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’मध्ये उल्का पडतात, एका कारखान्यात गूढ काम चालते, अधिकाऱ्यांच्या जागी हुबेहूब प्रतिकृती येतात. हा दुसरा साचा. ‘अँबॅसडर्स ऑफ डेथ’मध्ये ब्रिटिश अवकाशवीर यानातून परततात, यानातून नक्की कोण उतरले, हाच प्रश्न. हा पहिला साचा. १९७१च्या ‘डीमन्स’मध्ये पुरातत्त्वज्ञ एक टेकाड उकरतो आणि शिंगे असलेला सैतान परग्रहवासी निघतो. तिसरा साचा, शिंगांसकट! १९७७च्या ‘इमेज ऑफ द फेंडाल’मध्ये पुन्हा एक कवटी आहे, या खेपेला एक कोटी वीस लाख वर्षांपूर्वीची.

मग ही चोरी म्हणायची का? चोरीसाठी मूळ माल लोकांसमोर असावा लागतो. १९७१मध्ये ‘डीमन्स’ पाहणारे दहा वर्षांचे मूल ‘पिट’ प्रक्षेपित झाले तेव्हा जन्मलेलेही नव्हते, आणि ‘पिट’ पुन्हा पाहण्याचा मार्ग त्याच्याजवळ नव्हता. गोष्ट नव्या पिढीला नव्याने सांगितली जात होती. कीर्तनकार आख्यान पुन्हा लावतो तेव्हा त्याला कोणी चोर म्हणत नाही. स्वतः नीलचे मत मात्र वेगळे होते. त्याला ‘डॉक्टर हू’ आवडत नसे आणि त्या मालिकेसाठी लिहायला त्याने नकार दिला होता. नातेवाइकांना ओळख न देणारा एखादा मूळपुरुष असायचाच.

‘डॉक्टर हू’चा जन्म मात्र थेट नीलच्या लेखणीतून झाला नाही. तो झाला एका कार्यालयीन अहवालातून. १९६२मध्ये बीबीसीच्या संहिता विभागातल्या ॲलिस फ्रिक आणि डोनाल्ड बुल यांना विज्ञानकथा टीव्हीला मानवतील का, हे तपासायला सांगण्यात आले. त्यांच्यापुढे बीबीसीची दोनच मोठी उदाहरणे होती : नीलचा क्वाटरमास आणि आदल्याच वर्षी गाजलेली ‘ए फॉर अँड्रोमिडा’.

या दुसऱ्या मालिकेपाशी जरा थांबायला हवे, कारण तिचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. ‘ए फॉर अँड्रोमिडा’ जॉन एलियटबरोबर लिहिली ती केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी. देवयानी तारकासमूहाच्या दिशेने रेडिओ दुर्बिणीवर एक संदेश येतो. तो संदेश म्हणजे एक संगणक बांधण्याच्या सूचना असतात, आणि तो संगणक पुढे एक जिवंत स्त्री घडवतो. ती भूमिका नाट्यशाळेतून नुकत्याच आलेल्या ज्यूली ख्रिस्टीने केली. ही मालिका प्रक्षेपित होत होती त्या काळात केंब्रिजला हॉईल यांच्या हाताखाली एक तरुण संशोधन करत होता, कोल्हापूरला जन्मलेला जयंत नारळीकर. १९६४मध्ये हॉईल आणि नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगापुढे आला. पुढे दहा वर्षांनी, १९७४मध्ये, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. लेखक नारळीकरच होते. संशोधन करणाऱ्याने विज्ञानकथाही लिहावी, त्यात कमीपणा नाही, हा धडा गुरूच्या उदाहरणातच होता. हॉईल यांची ही मालिका स्वतः मात्र जवळजवळ नष्ट झाली आहे.

अहवालाकडे परत. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲलिस फ्रिक आणि जॉन ब्रेबन यांनी दुसरे टिपण दिले. टीव्हीसाठी कोणत्या कथा निवडाव्यात याचे त्यात काही नियम होते. बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत. पत्र्याचे यंत्रमानव मुख्य पात्र म्हणून नकोत. अवाढव्य नेपथ्य नको. कालप्रवास हा विषय त्यांना आश्वासक वाटला. वर्षभरात सिडनी न्यूमन बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख झाला आणि शनिवारच्या संध्याकाळसाठी मुलांची कालप्रवासाची मालिका ठरली. २३ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ती सुरू झाली. आणि दुसऱ्याच कथेत अवतरले डालेक! पत्र्याच्या कवचातले, राक्षसी, ठार मारण्याची आरोळी ठोकत घसरत चालणारे. अहवालातले दोन नियम एका फटक्यात मोडले. न्यूमन भडकला, पण प्रेक्षक वाढले आणि मालिका तगली. समित्यांनी काढलेल्या निष्कर्षांचे बहुधा असेच होते.

हा न्यूमन आला कुठून? तो कॅनडाचा. बीबीसीत येण्यापूर्वी तो एबीसी टेलिव्हिजन या आयटीव्हीच्या कंपनीत नाट्यप्रमुख होता, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरात. तिथे १९६०मध्ये त्याच्या कारकिर्दीत ‘पाथफाइंडर्स इन स्पेस’ ही मुलांची मालिका झाली होती. एक शास्त्रज्ञ, त्याची मुले, चंद्राची सफर, जाता जाता थोडे विज्ञानशिक्षण. ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या कथेत एक शाळकरी मुलगी, एक विज्ञानाचा शिक्षक आणि एक इतिहासाची शिक्षिका होती, हे आठवले की साम्य लपत नाही. एबीसीतच १९६२मध्ये ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ ही स्वतंत्र विज्ञानकथांची मालिका झाली. तिची संहिता-संपादक आयरीन शूबिक न्यूमनपाठोपाठ बीबीसीत आली आणि तिने ‘आउट ऑफ द अननोन’ उभी केली. न्यूमनने ‘डॉक्टर हू’ची निर्माती म्हणून निवडलेली व्हेरिटी लँबर्टही एबीसीत त्याच्या हाताखाली काम केलेली. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौमध्ये जन्मलेला. कॅनडाचा प्रमुख, एक तरुण स्त्री, एक भारतीय वंशाचा दिग्दर्शक : आज अत्यंत इंग्रजी वाटणाऱ्या या मालिकेचे पाळणाघर इतके मिश्र होते.

लँबर्टचा पुढचा प्रवास तर वर्तुळ पुरे करणारा आहे. सत्तरच्या दशकात ती थेम्स टेलिव्हिजन आणि युस्टन फिल्म्समध्ये मोठ्या पदावर होती. बीबीसीने नाकारलेला नीलचा चौथा ‘क्वाटरमास’ १९७९मध्ये अखेर तिच्याच छत्राखाली, आयटीव्हीवर झाला. ‘डॉक्टर हू’ला नाकारणाऱ्या नीलचा शेवटचा क्वाटरमास ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या निर्मातीने पडद्यावर आणला.

‘पाथफाइंडर्स’च्या दोन लेखकांपैकी एक माल्कम हल्क. त्याने टेरन्स डिक्स या तरुणाला हाताशी धरून ‘ॲव्हेंजर्स’ या मालिकेसाठी लिहायला लावले. पुढे डिक्स ‘डॉक्टर हू’चा संहिता-संपादक झाला आणि त्याने गुरूला बोलावले. डॉक्टर पृथ्वीवर अडकला हे कळल्यावर हल्क त्याला म्हणाला की मग तुझ्याकडे दोनच कथा उरल्या, परग्रहवासीयांचे आक्रमण आणि वेडा शास्त्रज्ञ. शिष्य विचारात पडला, आणि त्यातून तिसरी कथा निघाली, गुरूनेच लिहिलेली. ‘सिल्युरियन्स’मध्ये आक्रमक परके नाहीतच. माणसाच्या आधी पृथ्वीवर नांदलेली, जमिनीखाली झोपी गेलेली एक जात जागी होते आणि आपले घर परत मागते. जमीन नक्की कोणाची? हल्क एकेकाळी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, हे कळल्यावर या प्रश्नाचे नवल वाटत नाही. त्या कथेत एका लष्करी कप्तानाच्या भूमिकेत पॉल डॅरो नावाचा नट आहे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

‘सिल्युरियन्स’ चालू असतानाच, ९ फेब्रुवारी १९७०ला, बीबीसीवर ‘डूमवॉच’ सुरू झाली. हिचे कर्ते किट पेडलर आणि जेरी डेव्हिस. पेडलर लंडन विद्यापीठाच्या नेत्रविज्ञान संस्थेत संशोधक होता. डेव्हिस ‘डॉक्टर हू’चा संहिता-संपादक असताना त्याने पेडलरला वैज्ञानिक सल्ल्यासाठी गाठले. त्या गप्पांतून १९६६मध्ये सायबरमेन जन्मले. एकेक अवयव बदलून यंत्राचा बसवत गेलेली आणि शेवटी भावनाही काढून टाकलेली माणसे. कृत्रिम अवयवांचे शास्त्र पुढे जात असताना एका वैद्यकीय संशोधकाला पडलेले हे दुःस्वप्न होते. पण दोघांना लवकरच कळले की अशा भीतीसाठी परग्रहाची गरजच नाही. ‘डूमवॉच’ हा सरकारचा एक काल्पनिक विभाग. विज्ञानाने घातलेले घोळ निस्तरणे हे त्याचे काम. पहिल्याच भागात प्लास्टिक खाणारा जंतू प्रयोगशाळेतून सुटतो आणि आकाशात विमान विरघळू लागते. कीटकनाशके, विषारी कचरा, पिसाट उंदीर असे एकेक विषय पुढे येत गेले. ही चिंता परत ‘डॉक्टर हू’त उतरली : १९७३च्या ‘ग्रीन डेथ’मध्ये वेल्सच्या बंद खाणीत रसायन कंपनीने सोडलेल्या घाणीतून राक्षसी अळ्या निपजतात. ‘डॉक्टर हू’तून ‘डूमवॉच’ आणि ‘डूमवॉच’मधून पुन्हा ‘डॉक्टर हू’. कल्पना एका दिशेने वाहिली नाही.

‘डूमवॉच’चा निर्माता टेरेन्स डडली. पेडलर आणि डेव्हिस यांचे त्याच्याशी बिनसले आणि ते बाहेर पडले. हाच डडली १९७५मध्ये ‘सर्व्हायव्हर्स’चा निर्माता होता, आणि तिथे त्याच्यासमोर होता टेरी नेशन.

या सगळ्या वंशवेलीत नेशनची फांदी सर्वांत जाड. वेल्समधला हा विनोदी लेखक ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’साठी लिहीत होता. तिथून ‘डॉक्टर हू’त आला, डालेक घेऊन. त्याच्या आवडीच्या गोष्टी ठरलेल्या असत : किरणोत्सर्गाने उजाड झालेला ग्रह, विषारी जंगल, साथ, आणि शुद्ध वंशाच्या नावाखाली सगळ्यांना गुलाम करू पाहणारी सत्ता. तो नाझी विमानहल्ल्यांच्या काळात वाढलेला होता आणि डालेकांच्या गर्जनेत ते ऐकू येते. १९६४च्या ‘डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’मध्ये डालेक येण्यापूर्वी पृथ्वीवर साथ येते आणि उरलेले लोक ओसाड लंडनमध्ये जगतात. यातून डालेक काढून टाकले तर काय उरते? ‘सर्व्हायव्हर्स’ उरते. एक जंतू जवळजवळ साऱ्या मानवजातीला संपवतो. उरलेल्यांना मेणबत्ती कशी करायची, नांगर कसा धरायचा हेही ठाऊक नाही. नेशन पहिल्या सत्रानंतर बाहेर पडला, डडलीशी मतभेद हेच त्याचेही कारण. आणि ‘डालेक’ कथांतून डालेक ठेवून फक्त त्यांचे कवच काढले तर? मग उरते १९७८ची ‘ब्लेक्स सेव्हन’. तिथल्या ‘फेडरेशन’ची माणसे डालेकांसारखीच थंड आहेत, फरक इतकाच की ती माणसे आहेत.

‘ब्लेक्स सेव्हन’ हे तर ‘डॉक्टर हू’चे शेजारघर. तिचा निर्माता डेव्हिड मॅलनी याने ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ दिग्दर्शित केली होती. संहिता-संपादक ख्रिस बाउचर, म्हणजे ‘इमेज ऑफ द फेंडाल’चा लेखक. पहिल्या सत्राच्या तेराही कथा नेशनच्या नावावर असल्या तरी त्यांना घाट देण्यात बाउचरचा हात मोठा होता. संगीत दोन्हीकडे डडली सिम्पसनचे. धूर्त ॲव्हॉनच्या भूमिकेत ‘सिल्युरियन्स’मधला तोच पॉल डॅरो, भित्रा चोर व्हिला झालेला मायकेल कीटिंग आदल्याच वर्षी ‘डॉक्टर हू’च्या ‘सन मेकर्स’मध्ये दिसला होता. रॉबर्ट होम्स या लेखकाने ‘डॉक्टर हू’, ‘डूमवॉच’ आणि ‘ब्लेक्स सेव्हन’ या तिन्हींसाठी लिहिले. परग्रह म्हणून दिसणाऱ्या खडीच्या खाणीही बहुधा दोन्ही मालिकांना सारख्याच उपयोगी पडल्या. इंग्लंडात वाळवंट नाही. त्यामुळे आकाशगंगेतला प्रत्येक ग्रह हा ढगाळ हवेतला दगडांचा खड्डा असतो, असे एका अख्ख्या पिढीचे मत झाले.

‘ब्लेक्स सेव्हन’ २ जानेवारी १९७८ला सुरू झाली. आठवड्यापूर्वीच लंडनमध्ये ‘स्टार वॉर्स’ लागला होता. पुठ्ठ्याची याने आणि डुगडुगणाऱ्या भिंती त्याच्याशी काय स्पर्धा करणार? पण तिच्यात असे काही होते जे ‘स्टार वॉर्स’मध्ये नव्हते : नायक चुकतात, एकमेकांना फसवतात, आणि २१ डिसेंबर १९८१ला, नाताळच्या तोंडावर, शेवटच्या भागात जवळजवळ सगळे गोळ्यांनी आडवे होतात.

आता आवाजाकडे. १९५८मध्ये बीबीसीने मेडा व्हेल येथे ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ उघडले. फिती कापणे, उलट्या वाजवणे, वेग बदलणे, दिव्याच्या झाकणावर ठोकून त्या नादाचे सूर करणे, असे तिथले काम. ‘क्वाटरमास अँड द पिट’मधली अंगावर काटा आणणारी थरथर इथलीच. ‘डॉक्टर हू’ची सुरावट रॉन ग्रेनरने कागदावर दिली; तिचा प्रत्येक स्वर फितीवर घडवून जोडला डेलिया डर्बीशायरने. ग्रेनरला श्रेय वाटून द्यायचे होते, बीबीसीचे नियम आड आले. पडद्यावर तिचे नाव आले २०१३मध्ये, तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. निळ्या खोक्याचा प्रसिद्ध घरघराट ब्रायन हॉजसनने पियानोच्या तारांवर किल्ली घासून काढला. ‘ब्लेक्स सेव्हन’चे आवाजही याच वर्कशॉपमधले. आणि गंमत अशी की डर्बीशायर आणि हॉजसन यांनी टोपणनावांनी एका संगीत-संग्रहासाठी केलेले ध्वनी प्रतिस्पर्धी आयटीव्हीच्या ‘टुमॉरो पीपल’मध्ये वापरले गेले. ‘टुमॉरो पीपल’ची शीर्षकधून डडली सिम्पसनचीच. ग्रेनरने १९६७च्या ‘द प्रिझनर’ची धून दिली. वाहिनी बदलली तरी कानाला घर बदलल्यासारखे वाटत नसे.

‘द प्रिझनर’चा आणखी एक दुवा जमिनीचा आहे. तिचे ‘व्हिलेज’ म्हणजे वेल्समधले पोर्टमेरियन. १९७६मध्ये ‘डॉक्टर हू’चे पथक तिथे गेले आणि त्याच गावाला त्यांनी पंधराव्या शतकातली इटली बनवले.

आयटीव्हीच्या बाजूला गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांचे वेगळेच संस्थान होते, स्लाउच्या औद्योगिक वसाहतीत. बाहुल्यांच्या ‘फायरबॉल एक्सएल फाइव्ह’, ‘थंडरबर्ड्‌स’, ‘कॅप्टन स्कार्लेट’, मग माणसांना घेऊन ‘यूएफओ’ आणि ‘स्पेस १९९९’. पैसा लू ग्रेडचा, डोळा अमेरिकी बाजारावर, चित्रीकरण पूर्ण फिल्मवर. बीबीसीच्या पुठ्ठ्याच्या जगाशी याचा संबंध येऊ नये. तरी आला. १९६५च्या जानेवारीत अँडरसनच्या मालिकांवर आधारलेले ‘टीव्ही सेंच्युरी ट्वेंटीवन’ हे चित्रसाप्ताहिक निघाले. त्याच्या पानांवर ‘थंडरबर्ड्‌स’च्या मंडळींच्या शेजारी डालेकांची चित्रकथाही होती, आणि ती लिहीत होता ‘डॉक्टर हू’चा पहिला संहिता-संपादक डेव्हिड व्हिटेकर. पडद्यावर एकमेकांचे प्रतिस्पर्धी, छापील कागदावर शेजारी.

हा शेजार पुढे कारागिरांनी पक्का केला. अँडरसनच्या छोट्या प्रतिकृती आणि स्फोटांचा विभाग डेरेक मेडिंग्जच्या हाती होता, आणि तो विभाग म्हणजे एक शाळाच ठरली. तिथे शिकलेला इयन स्कून्स बीबीसीत जाऊन ‘डॉक्टर हू’ आणि ‘ब्लेक्स सेव्हन’ची याने उडवू लागला. पीटर रॅग तिथूनच बीबीसीत आला आणि १९८८पासून ‘रेड ड्वार्फ’चे लाल जहाज त्याच्या हातचे. ब्रायन जॉन्सन ‘स्पेस १९९९’ करून हॉलिवूडच्या चित्रपटांकडे गेला. लेखकांत जॉनी बर्न ‘स्पेस १९९९’ सोडल्यावर १९८१मध्ये ‘डॉक्टर हू’साठी ‘कीपर ऑफ ट्राकेन’ लिहिताना दिसतो. नटांत झीनिया मर्टन : १९६४मध्ये वारिस हुसेनने दिग्दर्शित केलेल्या ‘डॉक्टर हू’च्या ‘मार्को पोलो’त ती पिंग-चो होती, दहा वर्षांनी ‘स्पेस १९९९’च्या चांद्रतळावर सँड्रा.

‘मार्को पोलो’ आज पाहता येत नाही. तिचे सातही भाग नष्ट झाले आहेत. व्हिडिओफीत महाग होती, नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, म्हणून फिती पुसून पुन्हा वापरत. साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग असे गेले. जे वाचले ते बरेचसे परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म-प्रतींमुळे. २०१३मध्ये नायजेरियातून ‘वेब ऑफ फिअर’ आणि ‘एनिमी ऑफ द वर्ल्ड’चे हरवलेले भाग परत आले. मधल्या काळात जुन्या कथा मुलांपर्यंत पोचल्या त्या छापील पुस्तकांतून. टार्गेट प्रकाशनासाठी डिक्सने साठाहून अधिक कथांना कादंबरीचे रूप दिले, हल्कनेही काही लिहिल्या. दृश्य गेले तरी गोष्ट उरली.

माणसांबरोबर कल्पना हिंडल्या, हे खरे. पण हिंडण्याचा फायदा सगळ्यांना सारखा झाला का? नाही. आणि इथे कायद्याची कलमे कल्पनेपेक्षा बलवान ठरली. नीलने पहिला क्वाटरमास लिहिला तेव्हा तो बीबीसीचा पगारी लेखक होता; हॅमर कंपनीला चित्रपटाचे हक्क बीबीसीने विकले आणि नील कित्येक वर्षे त्यावर जळत राहिला. नेशन स्वतंत्र लेखक, त्यामुळे डालेकांच्या हक्कांत त्याचा वाटा राहिला आणि खेळण्यांच्या विक्रीने तो श्रीमंत झाला. त्या डालेकांना प्रत्यक्ष रूप देणारा रेमंड क्युसिक पुन्हा पगारी. त्याला बक्षिसादाखल एक किरकोळ रक्कम मिळाली. ज्या आकारावर देशभरची मुले वेडी झाली तो आकार ज्याने काढला, त्याच्या वाट्याला एवढेच.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या गांभीर्यानंतर या गोत्राला स्वतःवर हसणारा एक मुलगा झाला. १९७९ साली ‘डॉक्टर हू’चा संहिता-संपादक होता डग्लस ॲडम्स. त्याची ‘हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी’ आदल्या वर्षी रेडिओवर आली होती, रेडिओफोनिक वर्कशॉपच्याच आवाजांसकट. १९८१मध्ये ती टीव्हीवर आली तेव्हा स्वतःचे मांस गिऱ्हाइकांना सुचवणाऱ्या प्राण्याच्या मुखवट्यामागे होता पीटर डेव्हिसन, ज्याची पाचवा डॉक्टर म्हणून पहिली कथा लगेच पुढच्या वर्षी आली. डॉक्टरसाठी सुचवलेली पण न झालेली क्रिकेटची एक कथा ॲडम्सने आपल्या तिसऱ्या कादंबरीत मुरवली. काही टाकायचे नाही, ही रीत नीलच्या पिढीपासून चालत आलेली.

ऐंशीच्या दशकात घर रिकामे होत गेले. बाउचरची ‘स्टार कॉप्स’ १९८७मध्ये नऊ भागांत संपली. १९८८च्या ‘रिमेंबरन्स ऑफ द डालेक्स’मध्ये पात्रांच्या बोलण्यात ‘बर्नार्ड’ आणि ब्रिटिश अग्निबाण गटाचा उल्लेख येतो. १९६३मध्ये घडणाऱ्या त्या कथेत क्वाटरमासला दिलेली ही उघड सलामी. पुढच्या वर्षी ‘डॉक्टर हू’ही थांबली. रेडिओफोनिक वर्कशॉप १९९८मध्ये बंद झाले.

२००५मध्ये ‘डॉक्टर हू’ कार्डिफहून परत सुरू झाली, ती त्या मालिका पाहत वाढलेल्या लोकांच्या हाती. २६ मार्चला पहिला भाग आला. २ एप्रिलला बीबीसी फोरने पहिला ‘क्वाटरमास’ पुन्हा थेट प्रक्षेपित केला. त्यात डॉक्टर ब्रिस्को झालेला डेव्हिड टेनंट पुढच्या दोन आठवड्यांत नवा डॉक्टर म्हणून जाहीर झाला, आणि दुसरा नट मार्क गॅटिस याने लिहिलेला ‘डॉक्टर हू’चा भाग ९ एप्रिलला लागला. पुढच्या वर्षी ‘डॉक्टर हू’तून निघालेल्या ‘टॉर्चवुड’साठी एक कथा लिहिली पी. जे. हॅमंडने, १९७९मध्ये आयटीव्हीसाठी ‘सफायर अँड स्टील’ त्यानेच निर्माण केली होती. आधीच्या पिढीत माणसे एका खात्यातून दुसऱ्यात बदली होऊन जात आणि कल्पना सोबत नेत. या पिढीने जुन्या माणसांची नावे श्रेयनामावलीतून पाठ केली होती आणि कामाला माणूस हवा तेव्हा त्यांनाच फोन लावला.